जुना दिवा कुठे गेला?

त्याचा चष्मा कुत्र्याने चावला होता.

मी तो काउंटरवरच्या मखमली ट्रेमध्ये ठेवून उलटसुलट पाहिला. डाव्या काडीवर दातांचे चार खड्डे. उजवी काडी जागेवर नाहीच.

“दुसरी काडी कुठे आहे?”

“कुत्र्यात होती,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “आज सकाळी... बाहेर आली. कुत्रा सुखरूप आहे. काडी मी आणली नाही.”

“उपकार झाले!”

तो हसला. पण माझ्याकडे बघून नाही — माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघून. ती बाई पुठ्ठ्याची. गॉगलची जाहिरात. गेली तीन वर्षं आमच्या दुकानात कंबरेवर हात ठेवून उभी आहे.

“अहो, मी इकडे,” मी म्हणाले.

“अरे देवा! माफ करा हं. आकार दिसला, वाटलं तुम्हीच.” मग जरा थांबून, “तरीच म्हटलं, चावलेला चष्मा बघूनही या हसतायत कशा!”

म्हणजे मी हसत नव्हते, असं त्याला म्हणायचं होतं. आगाऊच की! आणि मला हसू आलं.

तो प्राण्यांचा डॉक्टर होता, मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात महिन्याभरापूर्वीच आलेला. जुना नंबर त्याला आठवत नव्हता, म्हणून मी त्याला आतल्या खोलीत बसवलं, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. आता माझा या धंद्यातला सहा वर्षांचा अनुभव सांगते — शेवटच्या ओळीवर माणूस कळतो. दिसत नसलं तरी लोक ठोकून देतात. ‘म’ असेल, नाही नाही, ‘भ’! जणू पास व्हायचंय. आणि मग चुकीचा नंबर निघाला की मलाच ऐकवतात.

हा शेवटच्या ओळीपाशी थांबला. “नाही दिसत.”

“प्रयत्न करा.”

“अंदाज सांगू शकतो. पण तुम्हाला अंदाज नको असेल ना?”

अंधाऱ्या खोलीत मी एकटीच मान डोलावली. सहा वर्षांत पहिला माणूस भेटला होता!

दोन दिवसांनी तो नवा चष्मा न्यायला आला. मी काड्या त्याच्या कानांमागे नीट बसवल्या — हे माझं कामच आहे, सगळ्यांना बसवते — आणि त्याने पहिल्यांदा मला स्वच्छ पाहिलं. चांगलं पाच-सहा सेकंद.

“काय झालं? धूसर दिसतंय का?”

“नाही...” तो म्हणाला. “नंबर बरोबर आलाय.”

त्यानंतर मंगळवारी त्याचा स्क्रू सैल झाला. चष्म्याचा. मग शुक्रवारी. मग पुन्हा मंगळवारी. मी घट्ट करायचे, तो दवाखान्यातली एखादी गंमत सांगायचा, आणि जाताना पुठ्ठ्याच्या बाईलाही “येतो हं” म्हणायचा. माझी नजर मंगळवार-शुक्रवार दाराकडे लागायला लागली, हे मी कोणाला सांगणार नव्हते. अगदी आत्यालाही नाही.

आत्या म्हणजे माझं सर्वस्व. मी नोकरीसाठी या शहरात आले ती तिच्याच घरी राहिले. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती ती, लग्न केलं नाही, जीभ धारदार आणि माया अपार. तिच्या घरात तिसरा मेंबर होता — मुकादम. मुकादम म्हणजे कासव. सकाळ-संध्याकाळ घरभर फेरी मारून कोण काय करतंय ते बघून यायचा, म्हणून मुकादम. वय वर्षं एकतीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि आत्या मला ते वरचेवर ऐकवायची.

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, आणि त्यासाठी ती तीन आठवडे दवाखान्यात राहणार होती. जाताना तिने माझा हात धरला. “तुझी काळजी नाही गं, तू जेवशील. त्याला बघ. त्याच्या कोपऱ्यात काही हलवू नकोस.”

आणि मी शहाणीने काय केलं? हलवलं!

काय झालं सांगते. मुकादमाच्या कोपऱ्यात आत्याने एक पिवळा, भगभगीत दिवा लावला होता. मी दिवसभर लोकांना सांगते — डोळ्यांवर थेट उजेड नको, उन्हातले घातक किरण नकोत. आणि घरात हा बिचारा त्या झगझगाटात डोळे मिचकावत बसलेला! मला राहवेना. मी तो दिवा काढून डोळ्यांना थंड असा पांढरा एलईडी लावला. दुकानातून किरण अडवणारा पारदर्शक कागद आणून बाल्कनीच्या दारालाही चिकटवला. स्वतःवरच खूश झाले. आता कसं, शांत वाटत असेल त्याला!

शांतच झाला तो. फेऱ्या बंद. मग खाणं बंद. मग डोळे मिटून घेतले ते उघडेचना. पाचव्या दिवशी मी त्याला उचललं, तर पाय आत घेण्याचेही कष्ट त्याने घेतले नाहीत.

आत्या रोज दुपारी फोन करायची. “मुकादम कसा आहे?”

“ठणठणीत!” मी म्हणायचे. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बाईंना ताण देऊ नका, त्यांचं बीपी चढतंय. मग मी काय करणार? ती फोटो मागायची, मी फोनमधले जुने फोटो पाठवायचे. एकतीस वर्षांचा तिचा सोबती माझ्या हातात विझत चालला होता, आणि मी तिला खोटं खोटं हसून दाखवत होते. नऊ दिवसांत ती घरी येणार होती. त्याच्या रिकाम्या कोपऱ्यापुढे उभं राहून मी तिला काय सांगू?

शेवटी जे मी गिऱ्हाइकांना करू नका म्हणून सांगते, तेच केलं. नेटवर विचारलं.

माझ्याकडे रोज एक तरी माणूस येतो — “नेटवर वाचलंय, अमुक व्यायामाने नंबर जातो.” माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पण जीव टांगणीला लागला की माणूस कोणाचंही ऐकतो. एका प्राणिप्रेमींच्या पानावर ‘कासवसम्राट’ नावाच्या कोणीतरी दोन मिनिटांत उत्तर दिलं: ‘घाबरू नका! झोपेचा हंगाम आहे. खोक्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन महिन्यांनी काढा. शंभर टक्के खात्री. माझ्यावर विश्वास ठेवा!’ खाली चाळीस लोकांनी अंगठे दाखवले होते.

चाळीस अंगठे! मी फ्रिजमधला भाजीचा कप्पा रिकामा केला. बुटांचं खोकं आणलं. मुकादमाला त्यात ठेवलं... आणि झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले. का कोण जाणे, मला ती पाटीवरची शेवटची ओळ आठवली. ‘शंभर टक्के खात्री’ म्हणणाऱ्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. कासव केवढं, कोणतं, कुठे राहतं — काही म्हणजे काही नाही.

मी खोकं उचललं आणि भर दुपारी मागच्या गल्लीत गेले. बाहेर भुरभुर पाऊस होता. छत्री मी खोक्यावर धरली आणि स्वतः भिजले.

“स्क्रू तुमचा सैल झाला की माझा?” दारात मला बघून डॉक्टरचा चेहरा उजळला. मग त्याने माझे डोळे पाहिले आणि लगेच खोकं हातात घेतलं.

त्याने मुकादमाला टेबलावर ठेवून नाक पाहिलं, तोंड पाहिलं, पोटाखाली हात लावला, वजन केलं. मग त्याने चष्मा काढून पुसला.

“तुम्हाला खरं सांगतो. मी कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर आहे. हा थंडगार आहे आणि अशक्त आहे, एवढं कळतंय. का, ते कळत नाही.”

“मग कोणाला कळतं?”

“एक व्यक्ती आहे.” तो एकदम उत्साहाने फोन काढायला लागला. “दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक कासव आलं होतं, तेव्हा सापडली. नेटवर ‘कासवकट्टा’ म्हणून छोटासा गट आहे. तिथे ‘सावकाश’ या नावाने लिहितात. काय ज्ञान आहे हो! मी कधी भेटलेलो नाही, पण मोठे प्राध्यापक असणार. पांढरी दाढी वगैरे.”

“नेटवरचा अनोळखी माणूस?” माझा आवाज चढला. “अहो, आत्ताच एका सम्राटाने मला हा फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलाय!”

“ठेवलात?” तो पांढराफटक पडला.

“ठेवला असता तर इथे आणला असता का?”

“ठेवला असता तर...” त्याने वाक्य अर्धंच सोडलं. “ऐका. मीही आंधळेपणाने विश्वास ठेवला नव्हता. पहिल्या वेळी त्यांनी सांगितलेलं पुस्तकात ताडून पाहिलं, माझ्या सरांना फोन करून विचारलं. बरोबर निघालं. दुसऱ्यांदाही. आणि तिसऱ्यांदा काय झालं माहितीये? ते म्हणाले, हे मला माहीत नाही, उगाच सांगणार नाही, अमुक डॉक्टरांना दाखवा. त्या दिवसापासून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणारा ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस! त्या क्षणी, मुकादमाची शपथ, मला तो फार आवडला.

त्या गटाचा एक नियम होता. उत्तर देणाऱ्याने आधी स्वतःचा अनुभव लिहायचा — किती कासवं, किती वर्षं. विचारणाऱ्यानेही. डॉक्टरने ‘पाळीव डॉक्टर’ या त्याच्या नावाने टाईप केलं: ‘अनुभव: कासवं तीन. एका ओळखीच्यांचं कासव...’ वजन लिहिलं, लक्षणं लिहिली, आणि मी सकाळी काढलेला मुकादमाच्या कोपऱ्याचा फोटो जोडला.

चार मिनिटं गेली. बाहेर एक कुत्रं कुंईकुंई करत होतं. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली.

‘सावकाश. अनुभव: कासव एक, वर्षं एकतीस. फोटोत पांढरा उजेड का आहे? जुना दिवा कुठे गेला?’

“बघा!” डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणाला. “फोटोवरून लगेच ओळखलं! तुम्ही दिवा बदललात का?”

मी स्क्रीनजवळ वाकले. जुना दिवा? फोटोत तर जुना दिवा नव्हता. तिथे आधी दुसरा दिवा होता, हे त्या प्राध्यापकांना कसं कळलं?

पुढची ओळ आली: ‘पाळीव डॉक्टर, तुमच्या शेजारी एक मुलगी ओली होऊन उभी असेल. छत्री कासवावर धरली असणार. तिला सांगा, जुना दिवा काढून टाकला असला तर नवा शिवणयंत्राच्या खालच्या खणात आहे. आणि दाराचा तो चकचकीत कागद आधी फाडायला सांगा.’

“आत्या!” मी किंचाळले.

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, परत माझ्याकडे. “कोण आत्या?”

“तुमची पांढरी दाढी!”

स्क्रीनवर शेवटची ओळ आली: ‘उन्हाने आणि गरम दिव्याने अंग शेकल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही, म्हणून खात नाहीये. दिवा लावा, रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, जबरदस्तीने भरवू नका. तीन-चार दिवसांत डोळे उघडायला हवेत. नाही उघडले तर पुढचं मला कळत नाही, मोठ्या दवाखान्यात न्या. आणि तो खाल्ल्याशिवाय मला तोंड दाखवू नका. दोघांनीही.’

दोघांनीही! मी लाजू की रडू?

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. डॉक्टर रोज दुपारच्या सुट्टीत घरी यायचा. मी कपडे धुवायच्या टबात कोमट पाणी घालायचे, तो मनगट बुडवून ऊब बघायचा, मग मीही बघायचे. “तुमचा विश्वास नाही का?” “ताडून पाहतेय. तुम्हीच शिकवलंत.” मग आम्ही दोघं टबाच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसून मुकादमाकडे बघत राहायचो. त्याची मान पाण्याखाली जाऊ नये म्हणून डॉक्टर हनुवटीखाली दोन बोटं धरायचा, आणि बोटं दुखली की मी धरायचे. बदली करताना हात लागायचे.

तो वजन वहीत लिहायचा. पहिल्या दिवशी तेवढंच. दुसऱ्या दिवशी तेवढंच. तिसऱ्या दिवशी मी टबापाशी बसून रडले. “माझ्यामुळे झालं हे सगळं. लोकांच्या डोळ्यांचं मला एवढं कळतं, आणि...”

“तुम्ही प्रेमाने केलंत,” तो म्हणाला.

“कासवसम्राटानेही प्रेमानेच सांगितलं असेल!”

“असेल,” तो हळूच म्हणाला. “फरक एवढाच की चूक कळल्यावर तुम्ही भर पावसात पळत आलात.”

चौथ्या दिवशी मी आत्याच्या कुंडीतलं जास्वंदीचं लाल फूल त्याच्यापुढे ठेवलं. पिवळ्या दिव्याखाली मुकादम दगडासारखा. एक मिनिट... दोन मिनिटं... मग एक डोळा उघडला. काळाभोर, ओला, चांगलाच वैतागलेला डोळा. मान पुढे आली — इतकी सावकाश, इतकी सावकाश, की मी डॉक्टरचा हात घट्ट धरला — आणि त्याने पाकळीचा लचका तोडला!

जीव भांड्यात पडला. डॉक्टरचा हात मात्र मी सोडायचा विसरले. त्यानेही आठवण करून दिली नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही आत्याच्या दवाखान्यात गेलो. आत्या पाय उशीवर ठेवून, चष्मा नाकावर, पलंगावर बसलेली. डॉक्टर शाळेतल्या पोरासारखा दाराशीच थबकला.

“या पाळीव डॉक्टर. दाढी नाही, निराशा झाली असेल!”

“नाही... म्हणजे... तुम्ही एवढं सगळं कुठे शिकलात?”

“रात्रपाळीत,” आत्या म्हणाली. “टेलिफोनच्या बोर्डावर बसून, कोणी फोन केला नाही की पुस्तकं वाचायचे. आणि मुकादमाकडून. त्याने बरंच शिकवलं, पण घाई नाही केली.” मग ती माझ्याकडे वळली. “तू काय गं फोटो पाठवत होतीस? ठणठणीत मुकादम, आणि शेजारी माझ्या निळ्या चपला! त्या चपला दोन आठवडे इथे माझ्या पलंगाखाली आहेत.”

मी वाकून पाहिलं. होत्या.

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारशील म्हणून वाट बघत होते. न खाताही मुकादमाचे तेवढे दिवस निघतात, मला माहीत होतं. पण आणखी एक दिवस गेला असता तर मीच फोन करून खडसावलं असतं.” “अनोळखी माणसाला विचारायचं सुचलं तुला. आत्याला विचारायचं नाही सुचलं?”

“तू रागावशील... तुझं बीपी...”

“रागावले असते! दहा मिनिटं. माझा राग दहा मिनिटांचा, मुकादम एकतीस वर्षांचा. हिशेब नको करायला?”

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले, आणि तिने माझी पाठ थोपटली. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होता, अगदी मन लावून, तिथे नुसती भिंत असली तरी.

“आणि आता याला विचार,” आत्या माझ्या डोक्यावरून म्हणाली, “नव्या चष्म्याचा स्क्रू आठवड्यातून दोनदा कसा सैल होतो?”

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. “तुम्ही... ते खासगीत होतं!”

“मला खासगीत लिहिलं होतं याने. चष्म्याच्या दुकानात एक मुलगी आहे, घड्याळाच्या चौकात, निळ्या पाटीचं दुकान, काय करू? मी म्हटलं, बरं झालं मला विचारलं!”

“मग तू काय सल्ला दिलास?” मी डोळे पुसून विचारलं.

आत्याने चष्मा नाकावर वर ढकलला. “नियमाप्रमाणे आधी अनुभव लिहिला. ‘अनुभव: एक. फसलेला. मी विचारायला उशीर केला.’ आणि खाली लिहिलं, ‘हा माझा विषय नाही. पण कासव मी सांभाळते, तुम्ही कासव होऊ नका.’”

आम्ही चालत परत निघालो. तो एकदा “मी...” म्हणाला आणि समोरून बस आली. मी एकदा “तुम्ही...” म्हणाले आणि घर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडून मी काचा पुसत होते, तर तो दारात. मंगळवारही नव्हता, शुक्रवारही नव्हता.

“स्क्रू?” मी हात पुढे केला.

“घट्ट आहे.” त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला. “आज तसाच आलोय. नियमाप्रमाणे आधी सांगतो... अनुभव: काही नाही. पुस्तकात सापडलं नाही, सरांना विचारता येत नाही. जे काही आहे ते गेल्या महिन्याभरात या काउंटरपाशी आणि त्या टबापाशी कळलंय. मला तुम्ही आवडता. फार आवडता. पुढचं...”

तो थांबला. बिनचष्म्याचे डोळे बारीक करून माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते शोधायला लागला. सवय ती सवय!

“शेवटची ओळ दिसतेय का?” मी विचारलं.

“नाही दिसत.” मग अगदी हळू, “अंदाज सांगू?”

सहा वर्षांत मी कोणाला हे म्हटलं नव्हतं.

“सांगा.”

“तुम्ही... हो म्हणाल.”

मी काउंटरच्या बाहेर आले, पुठ्ठ्याच्या बाईचं तोंड भिंतीकडे वळवलं, त्याचा चष्मा उचलून त्याच्या कानांमागे नीट बसवला, आणि हात तिथेच ठेवले.

“नंबर बरोबर आलाय,” मी म्हणाले.